पर्यटकांची पावले: गावाचे सोने की माती?

जबलपूरमधल्या घमापूरचे नाव पर्यटनाच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. दाटीवाटीची घरे, चौकातली वर्दळ आणि संरक्षण साहित्याच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता, अशी ही कामकरी लोकांची वस्ती. रेल्वेने जबलपुरात उतरलेला पर्यटक इकडे वळत नाही. तो स्टेशनातून थेट भेडाघाटचा रस्ता धरतो, नाहीतर कान्हा आणि बांधवगडच्या वाघांकडे निघतो. पण घमापुरातल्या एखाद्या मराठी घरी नागपूर-पुण्याकडचे पाहुणे आले, की दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेलाच असतो. डबे भरले जातात, गाडी सांगितली जाते आणि लहानथोरांसह सगळे घर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या भेडाघाटला निघते. धुवांधार धबधबा, संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, चौसष्ट योगिनींचे मंदिर आणि परतताना दगडाची एखादी छोटी मूर्ती, एवढे झाले की पाहुणचार पुरा होतो.

घमापूर पर्यटक पाठवते आणि भेडाघाट पर्यटक घेते. पर्यटनाच्या दृष्टीने साऱ्या जगाची अशीच विभागणी झालेली आहे. काही गावे पाहायला जाणाऱ्यांची, तर काही पाहिली जाणारी. सहल आटोपून घरी परतलेल्या माणसाजवळ छायाचित्रे उरतात, आठवणी उरतात. ज्या गावाने त्याला दोन घटका आनंद दिला, त्या गावाजवळ मात्र काय उरते? जगातल्या अनेक सुंदर ठिकाणांना आज हाच प्रश्न भेडसावतो आहे आणि नर्मदेकाठचे हे लहानसे गावही त्यातून सुटलेले नाही.

रस्ता आधी, पर्यटक नंतर

भेडाघाटचे कडे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत. चौसष्ट योगिनी मंदिर दहाव्या शतकातले, त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळचे. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला आसपासची माणसे पिढ्यान् पिढ्या येत आहेत. नर्मदेची परिक्रमा करणारे साधू आणि गृहस्थही याच काठाने जात आले. पण लांबलांबचा पर्यटक इथे आला तो आगगाडी आल्यावर.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे एकमेकींना मिळाल्या, त्या जबलपूरला. या तीन घटनांमुळे पृथ्वीप्रदक्षिणा ही दर्यावर्दी लोकांच्या साहसाची गोष्ट न राहता वेळापत्रक पाहून करण्याचा प्रवास झाली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या गृहस्थाची कादंबरी लिहिली ती याच सुमारास. आणि १८७२ मध्ये इंग्लंडच्या टॉमस कुक यांनी आपल्या ग्राहकांना घेऊन पहिली जगप्रवासाची सहल काढली. १८४१ मध्ये लेस्टरहून जवळच्याच गावी आगगाडीने सहल नेऊन ज्यांनी आपल्या कामाला सुरुवात केली होती, तेच हे कुक.

त्या काळी कलकत्त्याहून मुंबईला रेल्वेने यायचे, तर जबलपूरवरूनच यावे लागे. मग वाटेत एक दिवस उतरून 'मार्बल रॉक्स' पाहण्याचा प्रघात इंग्रज प्रवाशांत पडला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरच्या पुस्तकात या कड्यांचे वर्णन आहे. तिथल्या आग्यामोहोळांची एक हकीकतही त्यात आहे. रेल्वेच्या कामासाठी आलेले दोन इंग्रज अभियंते नावेतून कडे पाहायला गेले असताना मधमाश्या खवळल्या. जीव वाचवण्यासाठी दोघांनी पाण्यात उड्या घेतल्या. त्यांतला बॉडिंग्टन नावाचा अभियंता बुडून मेला. जागा सुंदर असली तरी तिथे गोंगाट करू नये, हा धडा भेडाघाटने इतक्या लवकर दिला होता.

एखादे ठिकाण जगाच्या नकाशावर येण्यासाठी त्याचे सौंदर्य पुरत नाही, तिथवर पोचण्याची सोय लागते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, जंबो जेट विमाने उडू लागली. आगगाडीने जबलपूरचे जे केले, तेच या विमानांनी स्पेनच्या किनाऱ्यांचे, थायलंडच्या बेटांचे आणि पुढे गोव्याचे केले. ज्या कोळीवाड्यांत वर्षाकाठी चार परके लोक दिसत, तिथे दिवसाला शेकडो उतरू लागले.

दिवे काही ठिकाणीच का?

१९५० मध्ये साऱ्या जगात मिळून सुमारे अडीच कोटी लोकांनी पर्यटक म्हणून दुसऱ्या देशात पाऊल टाकले. २०१९ मध्ये ही संख्या १४६ कोटींच्या घरात गेली. २०२० च्या महामारीत ती कोसळून सुमारे ४० कोटींवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा १४० कोटींपर्यंत चढली. पर्यटक हे रात्रीच्या दिव्यांसारखे आहेत असे मानले आणि आकाशातून पृथ्वीकडे पाहिले, तर हा उजेड सगळीकडे सारखा दिसणार नाही. निम्म्याहून अधिक दिवे एकट्या युरोपात लागलेले दिसतील. फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आत आणि तिथे वर्षाला येणारे परदेशी पाहुणे दहा कोटींच्या आसपास. आफ्रिकेचे विस्तीर्ण प्रदेश मात्र जवळपास काळोखात.

याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. बहुतेक पर्यटक आपल्या शेजारच्याच देशात जातात. ज्यांच्या हाती पैसा आणि पगारी रजा आहे, ते थंड प्रदेशातले लोक उन्हाच्या ओढीने दक्षिणेकडे सरकतात. जिथे विमान उतरते, भाषा थोडीफार समजते आणि जीव सुरक्षित वाटतो, तिथेच माणूस मुलाबाळांना घेऊन जातो. चित्रपटात पाहिलेली जागाही त्याला बोलावते.

आपल्याकडे पर्यटन म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा अडकवलेला गोरा पाहुणा येतो. आकडे वेगळेच सांगतात. २०२३ मध्ये भारतात सुमारे ९५ लाख परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी भारतीयांनी देशातल्या देशात दिलेल्या पर्यटन-भेटींची सरकारी नोंद २५० कोटींची आहे. भारतातल्या कुठल्याही ठिकाणाचे भले-बुरे कोण करते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. भेडाघाटला गर्दी होते ती घमापूर, रांझी आणि गोलबाजारातल्या कुटुंबांची, कटनी-नरसिंगपूरच्या सहलींची, नागपूर आणि अमरावतीहून आलेल्या गाड्यांची. तिथे चांगले काही घडले तर ते आपण घडवले आणि बिघडले तर तेही आपणच बिघडवले.

नावाड्याची आठ महिन्यांची कमाई

भेडाघाटला पर्यटनाने काय दिले, हे पंचवटी घाटावर कळते. इथून वल्ह्यांच्या नावा सुटतात. दोन्ही बाजूंनी शंभर फुटांपर्यंत चढत गेलेले पांढरे, निळसर, गुलाबी, कुठे काळपट कडे आणि मधून शांत, खोल वाहणारी नर्मदा. नावाडी वल्हे मारता मारता यमके जुळवून माहिती देतात. इथे राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'चे चित्रीकरण झाले, तिथे शाहरुख खानच्या 'अशोका'चे, असे हसवत हसवत सांगतात. दोन काठ जिथे अगदी जवळ येतात त्या 'बंदरकूदनी'ची गोष्ट तर ठरलेलीच. ही बोली, ही लय कुठल्याही शाळेत शिकवली जात नाही. बापाकडून मुलाकडे आलेली ही विद्या आहे आणि तिच्यावर घरे चालतात.

धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दगडी वस्तूंची दुकाने आहेत. शिवलिंगे, गणपती, हत्ती, दिवे, पेट्या अशा असंख्य वस्तू तिथे मांडलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळ वस्तू कठीण संगमरवराच्या नसून शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या असतात. हा दगड साध्या हत्यारांनीही कोरता येतो. त्यामुळे घरातली बायका-मुलेही घासण्याच्या, गुळगुळीत करण्याच्या कामाला हात लावू शकतात. शेती थोडी आणि कारखाना नाही अशा गावात हा मोठाच आधार आहे.

पण या कमाईला ऋतूचे कुंपण आहे. पावसाळा लागला की नर्मदा चढते आणि नौकाविहार बंद होतो. पूर मोठा असला तर खुद्द धुवांधारही दिसेनासा होतो. वरचे आणि खालचे पाणी एक होऊन धबधब्याच्या जागी नुसता घोंघावणारा प्रवाह उरतो. वरच्या बाजूला बरगीचे धरण आहे. तिथून पाणी सोडले की इथली पातळी बदलते. म्हणजे नावाड्याच्या हाती साधारण आठ महिने, त्यांतही दिवाळी, नाताळ, मकरसंक्रांत आणि उन्हाळ्याची सुट्टी हेच खरे कमाईचे दिवस. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातली सगळी पर्यटनस्थळे एकदम ओस पडली. केवळ पाहुण्यांवर जगणाऱ्या गावाची चूल किती पटकन विझू शकते, ते त्या वर्षी जगभर दिसून आले.

पर्यटकाने खर्च केलेला पैसा गावात किती राहतो, हाही प्रश्नच आहे. जबलपूरच्या हॉटेलात मुक्काम, बाहेरून ठरवलेली मोटार, दुसऱ्या प्रांतात तयार झालेल्या पुड्यांतला खाऊ आणि कारखान्यातून आलेली 'भेडाघाटची आठवण', अशी सहल झाली तर गावाच्या वाट्याला फक्त रिकाम्या बाटल्या येतात. त्याच कुटुंबाने गावातल्या खानावळीत जेवण घेतले, तिथल्या नावेत फेरी मारली आणि कारागिराने स्वतः कोरलेली वस्तू घेतली, तर तोच पैसा चार घरांत फिरतो. खर्च तेवढाच असतो. तो कोणाच्या हातात पडला, यावर गावाचा लाभ ठरतो.

जेव्हा पाहुणेच घरमालक होतात

गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की काय होते, हे पाहायचे तर व्हेनिसकडे पाहावे. पाण्यावर वसलेल्या या इटालियन शहराच्या जुन्या भागात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्याही खाली गेली. घरे पर्यटकांना रोजाने भाड्याने देणे फायद्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांना भाडी परवडेनाशी झाली. वाणसामानाची दुकाने जाऊन मुखवटे आणि आठवणवस्तू विकणारी दुकाने आली. शहर पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि शहरात राहणारे निघून गेले. २०२१ मध्ये मोठ्या पर्यटन-जहाजांना शहराच्या मुख्य जलमार्गात बंदी घालण्यात आली. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. स्वतःच्या शहराला तिकीट लावण्याची वेळ येणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २०२४ मध्ये जाहीर केले, की २०२८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने संपुष्टात आणले जातील. थायलंडचा माया बे हा इवलासा किनारा २००० मध्ये एका हॉलिवूड चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. रोज हजारो माणसे आणि शेकडो नावा येऊ लागल्या. समुद्रातली प्रवाळे मेली. शेवटी जून २०१८ मध्ये सरकारने तो किनाराच बंद केला. २०२२ मध्ये तो उघडला तेव्हा नावांना आत येण्यास मनाई होती आणि माणसांची संख्या ठरवून दिलेली होती. साडेतीन वर्षे माणसांचा पाय लागला नाही, तर प्रवाळांना नवे अंकुर फुटू लागले आणि शार्क मासे परतले.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२४ मध्ये तिथे आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. म्हणजे घरात सात माणसे राहतात आणि वर्षभरात पन्नास पाहुणे येऊन जातात, असा हा संसार. पर्यटनाने गोव्यातल्या हजारो घरांना रोजगार दिला, हे खरेच. पण जमिनीचे चढे भाव, कचऱ्याचे ढीग, रस्त्यांवरची कोंडी आणि किनाऱ्यावरचा रात्रीचा गोंगाट हेही त्याच दारातून आत आले.

दाराशीच मिळालेले धडे

यावर उपाय नाहीत असे नाही. ते शोधायला परदेशी जाण्याचीही गरज नाही. जबलपूरहून काही तासांच्या अंतरावर कान्हा आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी हे एक. त्याआधी १९७० मध्ये इथल्या बारशिंग्यांची संख्या केवळ ६६ वर आली होती. आज तो धोका टळला आहे. इथे फाटकातून आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते, बरोबर वाटाड्या घ्यावाच लागतो आणि पावसाळ्यात जंगलाला विश्रांती मिळते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले होते. नंतर नियम घालून ते पुन्हा सुरू झाले. मात्र या यशाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. जंगलातली बैगा आणि गोंड लोकांची अनेक गावे बाहेर हलवण्यात आली. ज्यांनी आपले गाव सोडले, त्यांच्या मुलांना वाटाड्याचे काम मिळणे, हॉटेलांत नोकरी मिळणे ही मेहेरबानी नसून त्यांचा हक्क आहे.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराची कथाही अशीच बोलकी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला आणि कासचे नाव घरोघरी पोचले. भाद्रपदात फुलांचा गालिचा पाहायला येणारे लोक त्याच फुलांवर बसून छायाचित्रे काढू लागले. मग वनखाते आणि आसपासच्या गावांच्या समितीने प्रवेशशुल्क लावले, रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवली, आगाऊ नोंदणी सुरू केली. गावातल्या तरुणांना हंगामापुरते का होईना, काम मिळाले. अजिंठ्याला खाजगी गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे बसने नेतात. माथेरानला तर मोटारींना प्रवेशच नाही. २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मोटार नाही म्हणून माथेरानला जाण्याचे कोणी सोडले, असे झालेले नाही. उलट तेच त्याचे आकर्षण ठरले.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. गर्दी वेळेत आणि जागेत वाटून दिली आणि राखणदारीचे काम स्थानिक माणसाला दिले, तर जागाही टिकते आणि घरही चालते.

मानाचे पान आणि त्यामागची काळजी

भेडाघाटसाठी हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातर्फे सहा नावे दाखल झाली. त्यांत 'नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट' होते. शेजारचा लमेटाघाट भूशास्त्रज्ञांना चांगलाच ओळखीचा आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत डायनोसोरांचे अवशेष सापडतात. भारतातले डायनोसोरांचे पहिले जीवाश्म १८२८ मध्ये जबलपुरातच, कॅप्टन स्लीमन यांना मिळाले होते. मराठी वाचकांना या यादीचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच सहा नावांत महाराजांच्या किल्ल्यांचेही नाव होते. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा ठरले.

भेडाघाटलाही असा मान मिळाला तर आनंदच होईल. पण मानाचे पान वाढले की पंगतही वाढते. आजही सुट्टीच्या दिवशी धुवांधारच्या कठड्यापाशी उभे राहायला जागा मिळत नाही. पलीकडच्या काठावर नेणारा रोपवे आहे. मोबाईलवर छायाचित्र काढण्याच्या नादात निसरड्या खडकावर पुढे पुढे सरकणारेही आहेत. उद्या पाहुणे दुपटीने वाढले तर त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहणार, सांडपाणी कुठे जाणार, नावाड्याचा मुलगा नावाडी म्हणूनच राहणार की मोठ्या ठेकेदाराचा रोजंदार होणार, याची उत्तरे मान मिळण्याआधी ठरवायची असतात. व्हेनिसने ती फार उशिरा शोधायला घेतली.

परिक्रमावासीयांकडून शिकण्यासारखे

या नदीकाठी प्रवासाची एक फार जुनी रीत आजही जिवंत आहे. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. तिच्या दोन्ही काठांनी चालायचे म्हणजे अडीच हजारांहून अधिक किलोमीटरची वाट. दरवर्षी महाराष्ट्रातून पुष्कळ माणसे ही परिक्रमा करतात. 'नर्मदे हर' म्हणत दारात उभ्या राहिलेल्या परिक्रमावासीला काठावरची गरीब घरेसुद्धा जेवू घालतात. परिक्रमावासी जवळ फारसे काही बाळगत नाही आणि मागेही काही टाकून जात नाही. यजमानाचा चेहरा त्याला आठवतो, यजमानालाही त्याचा.

जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, याच काठांनी टप्प्याटप्प्याने चालायला सुरुवात केली. त्यांनी नदीची रेखाटने केली, हिंदी आणि गुजरातीत पुस्तके लिहिली. 'सौंदर्यनी नदी नर्मदा' या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले. नर्मदा त्यांनी मन लावून पाहिली आणि लाखो वाचकांना दाखवली. त्यांच्या पायांनी नदीचे काही बिघडले नाही.

प्रत्येकाला परिक्रमा जमणार नाही. नोकरी, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्या माणसांची तब्येत सांभाळून दोन दिवसांची सहल काढणाऱ्याकडून तशी अपेक्षाही नाही. पण परिक्रमावासीचा एक गुण कुठल्याही सहलीत बरोबर नेता येतो. आपण ग्राहक नसून पाहुणे आहोत, एवढे लक्षात ठेवण्याचा.

जाताना एवढे करावे

भेडाघाटला किंवा अशा कुठल्याही ठिकाणी निघताना काही साध्या गोष्टी कुटुंबाने ठरवून घ्याव्यात.

शक्य असेल तर रविवार आणि सण टाळून आडवारी जावे. निवांतपणे पाहता येते आणि नावाड्यालाही रिकाम्या दिवशी चार पैसे मिळतात. कोजागरीच्या चांदण्यात कडे सुंदर दिसतात, पण तीच हौस सगळ्यांना असते. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जावे.

फक्त धबधबा पाहून परतू नये. चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात, लमेटाघाटला जावे. जबलपूर शहरात मदनमहालचा किल्ला आहे, राणी दुर्गावती संग्रहालय आहे. १९९७ च्या भूकंपातही न हललेली तोलाची शिळा आहे. पाहुणे असे पांगले की एकाच कठड्यावरचा भार हलका होतो.

नावेचे ठरलेले भाडे द्यावे. नावेत बसल्यावर घासाघीस करू नये. वस्तू घेताना ती कुठल्या दगडाची आहे आणि कोणी कोरली, हे विचारावे. खऱ्या कारागिराला हा प्रश्न आवडतो.

पाण्यात नाणी फेकून मुलांना सूर मारायला लावू नये. तो खेळ आपल्याला दोन मिनिटांचा वाटतो, पण त्यात त्या मुलाची शाळा बुडते आणि कधी जीवही जाऊ शकतो. दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणात सोडावा. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीत टाकणे ही पूजा नव्हे. घरून नेलेल्या डब्यांचा आणि बाटल्यांचा कचरा घरीच परत आणावा. घमापुरात कचऱ्याची गाडी येते. नर्मदेच्या कड्यांत ती पोचू शकत नाही.

शेवटी, मुलांना जागा दाखवताना तिथली माणसेही दाखवावीत. कड्यांची उंची ती विसरतील. वल्हे मारता मारता यमके जुळवणारा नावाडी मात्र त्यांच्या लक्षात राहील. तो नावाडी तिथे टिकला, त्याच्या मुलालाही तिथेच राहावेसे वाटले, तर पर्यटकांच्या पावलांनी गावाचे सोने झाले असे म्हणता येईल.